कवठे महांकाळचा कडू पाला

लॅबमध्ये काम करणाऱ्यांकडे निकाल कमी आणि किस्से जास्त साठतात. निकाल वहीत लिहावे लागतात, किस्से न लिहिताही राहतात. मी मुळात फार बोलत नाही, त्यामुळे माझ्याकडे तर ढीगच झालाय.

सांगलीतल्या आमच्या छोट्याशा लॅबमध्ये आम्ही प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी ताटल्यांमध्ये वाढवतो आणि झाडपाल्याचे अर्क घालून त्या मरतात का ते बघतो. बघण्याच्या कार्यक्रमात मी हे सांगितलं. तेव्हा होणाऱ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, विचारलं, "आन् त्यास्नी खायला काय घालता?"

"गुलाबी पाणी असतं. दिवसाआड बदलायचं."

"सुट्टी न्हाई?"

"नाही."

आत्या मुलाकडे वळल्या. "म्हशीगतच हाय रं. हिला चार दिस माहेरी ऱ्हाता यायचं न्हाई."

तिथंच होकार झाला.

*

लग्नाच्या आदल्या दिवशी पेशींचं पाणी बदलायची पाळी नेमकी माझी. हळदीच्या हातांनीच लॅबच्या दारात पोचले. लॅबच्या प्रमुख मॅडमनी आत येऊ दिलं नाही. त्या आठवड्यात आम्ही हळदीचाच अर्क तपासत होतो.

"इथं हळद मोजून घालतात," म्हणाल्या आणि पाणी स्वतः बदललं.

*

लग्नाला महिना झाला आणि सासरे आत्यांना घेऊन रहिमतपूरहून आमच्याकडे राहायला आले. मामंजी फौजेतून रिटायर झालेले. लघवीचा त्रास होता, रक्ताच्या तपासणीत शंका आली होती, आणि डॉक्टरांनी सुईनं प्रोस्टेटचा तुकडा काढून तपासायला सांगितलं होतं. बॉर्डरवरचे गोळीबार मामंजी हसत सांगायचे. सुईचं नाव निघालं की पेपर उघडायचे! तारीख दोनदा पुढं गेली.

मी घरात कधी नव्हे ते एकदाच उत्साहानं बोलले, आणि तेच नडलं. कवठे महांकाळचे सदाभाऊ, द्राक्ष बागायतदार, आम्हाला बांधावरचा एक कडू पाला पाठवायचे. त्याच्या अर्कानं ताटलीतल्या सगळ्या पेशी दोन दिवसांत मेल्या होत्या.

मामंजींनी पेपर खाली ठेवला. "तुझ्या ताटलीत मेल्या, तर माझ्यात बी मरतील की. मग सुई कशाला?"

ताटली वेगळी, माणूस वेगळा, असं मी परोपरीनं सांगितलं. आमच्या मॅडम तर म्हणतात, ताटलीत माझ्या हातचा चहा ओतला तरी पेशी मरतील. ऐकतंय कोण! मामंजींनी परस्पर पोतंभर पाला मागवला. तारीख तिसऱ्यांदा पुढं.

रोज सकाळी काढा. पेला घेऊन ते अंगणात जास्वंदीपाशी जायचे, का तर वाकडं झालेलं तोंड कुणी बघू नये. आत्यांचं दुःख निराळंच. त्या जास्वंदीला माव्याची कीड लागलेली, गणपतीला धड फूल मिळेना.

*

काढ्याच्या अकराव्या दिवशी लॅबमध्ये तोच अर्क निरोगी पेशींवर घातलेल्या ताटल्या उघडल्या. त्याही सगळ्या मेलेल्या! मॅडमनी सदाभाऊंना फोन लावला आणि विचारलं, पाला इतका स्वच्छ कसा हो?

"व्हय की! एका पानाला डाग सापडायचा न्हाई. द्राक्षागत दोनदा किडीचं औषध फवारून धाडतोय. ताईंच्या सासऱ्यांच्या पोत्याला तर तीनदा मारलंय."

मी पर्स तिथंच टाकून निघाले.

*

घरी मामंजी पेपर वाचत बसलेले. आत्या फुलांची परडी घेऊन दारातून आत येत होत्या. मी धापा टाकत सगळं सांगितलं.

मामंजींनी पेपरची शिस्तीत घडी घातली.

"म्हंजी त्यो पाला खोटाच?"

"हो, मामा."

"मग घे त्या सुईची तारीख."

"तारखेचं नंतर बघू. आधी दवाखान्यात चला. अकरा दिवस विष प्यालाय तुम्ही!"

मामंजी माझ्याकडे बघेनात.

आत्यांनी एकदा परडीकडे बघितलं, एकदा मामंजींकडे.

"तरीच म्हटलं," त्या म्हणाल्या, "जास्वंदीवरचा मावा एकाएकी गेला कसा."