झोपेत दम खातेत

आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात घोरण्याला मान होता. जो मोठ्यानं घोरतो त्याची झोप गाढ, आणि ज्याची झोप गाढ त्याच्या मनात काही खोट नाही, अशी सगळ्यांची समजूत. माझ्या वडिलांचं बाजारात शिलाईचं दुकान होतं. दुपारी जेवून ते तिथंच आडवे झाले की आवाज समोरच्या भांड्याच्या दुकानापर्यंत जायचा. लोक कौतुकानं म्हणायचे, "मास्तर सुखी माणूस." या सुखी माणसाला बाही लावता लावता मशीनवर डुलकी यायची, त्याचा विचार कुणी केला नाही. विज्ञान शिकवणाऱ्या मीही नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांची छाती अधूनमधून धडधडायला लागली. मशीनचा पट्टा घसरल्यावानी होते, असं ते सांगायचे. हिंगोलीचे डॉक्टर परप्रांतातले, हिंदी बोलणारे. त्यांनी झोपेचं विचारलं तेव्हा वडील ताठ बसून म्हणाले, "एकदम बराबर." मागून आई म्हणाली, "पर झोपेत दम खातेत ते."

डॉक्टरांनी त्यातला 'दम' तेवढा उचलला आणि दम्याच्या गोळ्या लिहून दिल्या. आईला म्हणायचं होतं, ते मध्येच थांबतात. चढावर बैल थांबतो तसे. आम्हा घरच्यांना तरी हे कळायला हवं होतं. पण डॉक्टरांनी लिहिलं म्हणजे दमाच, असं मीच आईला ठणकावून सांगितलं. गोळ्यांनी धडधड वाढली, तरी दोन-तीन वर्षं आम्ही त्या देत राहिलो.

मग एका उन्हाळी सुट्टीत मी दुपारी दुकानात पेपर तपासत बसले होते. घोरणं एकदम बंद झालं. पोट हलत होतं, पण नाकातोंडातून काही येत-जात नव्हतं. मी घड्याळ बघितलं. चौतीस सेकंदांनी ते मोठ्यानं हुंदका दिल्यासारखं करून पुन्हा घोरायला लागले. पुढच्या वेळी एकेचाळीस. मी आकडे एका पेपरच्या पाठीमागं लिहीत गेले. खरं तर मी घाबरायला हवं होतं, आणि मला मजा वाटत होती. त्याची लाज अजून जात नाही.

संध्याकाळी आईला माझा शोध सांगितला. ती भाकरी थापत होती. "मंग मी काय सांगून राहिले होते इतके दिवस?" एवढंच म्हणाली.

नांदेडच्या हृदयाच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढून ठोके आडवेतिडवे पडताहेत हे दाखवलं. दम्याच्या गोळ्या बंद केल्या. झोपेत घशाची वाट मिटते, श्वास अडतो, त्याचा ताण काळजावर येतो आणि ठोके बिघडू शकतात, असं त्यांनी समजावलं. झोपेची तपासणी करू, गरज पडली तर नाकाला लावायचं हवेचं मशीन मिळतं, म्हणाले. माझ्या प्रश्नांना अंत नव्हता. ते मध्येच आईकडे वळले.

"श्वास थांबल्यावर पुन्हा सुरू कसा होतो, बघितलंय तुम्ही?"

"मी हालवते ना."

"दर वेळी?"

"व्हय. न्हाई हालवलं तं कसं होईल?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आई, नाही हलवलं तरी बहुतेक वेळा शरीर स्वतःच जागं होऊन श्वास घेतं. म्हणून तर त्यांची झोप मोडते."

आई म्हणाली, "म्हंजे मी झोपले असते तरी चाललं असतं?"

मला विचारायचा पुढचा प्रश्न आठवेना. वडील शर्टाची बटणं लावत होते, ते थांबले. आयुष्यभर स्वतःच्या झोपेची शेखी मिरवलेला माणूस खाली बघून म्हणाला, "कवापासून जागी राहतीस तू?"

"धाकटीचं लग्न झालं तवापासून," आई म्हणाली.

माझ्या धाकट्या बहिणीचं पोरगं तेव्हा तिसरीत होतं.