दुसरी चिंच

ओलुपोट मामा बिसिना तळ्यावर होडी चालवतो. माणसं, कोंबड्या, सायकली, सगळं या काठावरून त्या काठावर. कमळाची पानं इतकी दाट, की होडी पाण्यावरून चाललीय का हिरव्या चटईवरून, कळत नाही. दुपारी ऊन पांढरंफेक झालं की पलीकडचा काठ विरघळून जातो. मामा म्हणतो, "काठाला डुलकी लागली. हळू चल." त्याच्यासारखी होडी कुणालाच चालवता येत नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

पण मामा प्यायचा. आमच्याकडे नाचणीची दारू एकट्यानं पीत नाहीत. मधे मडकं, त्यात गरम पाणी ओतायचं, भोवती गोल बसायचं, हातात पुरुषभर लांब नळी, तिचं दुसरं टोक मडक्यात. गप्पा चालू, ओढणं चालू. मामा सकाळी बसला की अंधार पडल्यावरच उठायचा. एकदा भर तळ्यात झोपला आणि होडी बायकापोरांसकट लव्हाळ्यात शिरली. बुडलं कुणी नाही. पण धक्क्याचा मुकादम एमुरोन म्हणाला, "पुन्हा तोंडाला वास आला, तर होडी दुसऱ्याला देईन."

होडी गेली तर मामा दारात बसून नुसता वाळत जाईल, हे मला दिसत होतं. मीच त्याला ओढत दवाखान्यात नेलं.

नर्सबाई म्हणाल्या, "शनिवारी दुपारी पलीकडे जा. मोठ्या चिंचेखाली माणसं गोल बसतात. एक बोलतो, बाकीचे ऐकतात. सगळी दारू सोडायला आलेली."

"गोल बसून करायचं काय?" मामानं विचारलं.

"बोलायचं."

"मडक्याशिवाय?"

"मडक्याशिवाय."

मामा घरी येईपर्यंत हसत होता. शनिवारी मात्र हसला नाही. पुढं तो, मागच्या वल्ह्यावर मी. वारा नव्हता. आभाळ खाली आणि पाणी वर, असं काहीतरी झालं होतं. एक बगळा पानावरून चालत आमच्या सोबत येत राहिला, जसं काही त्यालाही तिकडंच जायचंय.

काठाजवळच मोठी चिंच. खाली माणसं गोल बसलेली. एक म्हातारे आजोबा हळू आवाजात सांगत होते, त्यांची गाय तळ्यात उतरली आणि कित्येक वर्षांनी वासरू घेऊन बाहेर आली, अंगाला कमळं चिकटलेली. बाकीचे डोळे मिटून ऐकत होते. आम्हाला सरकून जागा दिली. मामा गुडघ्यांवर हात ठेवून बसला. मला वाटलं, जमलं. ती गाय मलाही दिसायला लागली.

तेवढ्यात चिंचेमागच्या घरातून एक बाई मडकं घेऊन आली आणि मधे ठेवलं. गरम पाणी ओतलं. फेस वर आला.

आम्ही चुकीच्या गोलात बसलो होतो.

आता उठायचं कसं? मडक्याजवळ बसून कोरडं उठणं म्हणजे त्या घरानं विष घातलंय असं म्हणण्यासारखं. आजोबांनी स्वतःची नळी पुसली आणि मामापुढं धरली. "पाहुण्यानं आधी."

मामानं ती उजव्या हातानंच घेतली. डाव्यानं घेतली असती तर भांडणच.

"मामा, ऊठ," मी म्हणाले.

तो उठला नाही. नळीकडं बघत राहिला.

"आजोबा," तो म्हणाला, "तुमच्या मडक्यात खोट नाही. खोट माझ्यात आहे. मी ओलुपोट. एक घोट घेतला की मला थांबता येत नाही. माझी होडी जाईल."

मग एक जाडा म्हणाला, "मग मडक्यापाशी कशाला आलास, दर्शनाला?"

सगळे हसले.

"दात घशात घालीन," मी म्हणाले.

"बस गं, भांडखोर," आजोबा म्हणाले. मामाच्या हातातून त्यांनी नळी काढून घेतली, झोपलेल्या पोराच्या मुठीतून खेळणं काढावं तशी. "तुमची माणसं शाळेमागच्या चिंचेखाली बसतात. शेंगदाणे खातात आणि रडतात. जा बाबा. आम्हाला राग नाही."

शाळेमागं खरंच दुसरी चिंच होती. थोडीच माणसं, चहाची किटली, शेंगदाणे. अमुलेन नावाची बाई म्हणाली, "बस दादा. बोलावंसं वाटलं तर बोल."

"माझं बोलून झालं," मामा म्हणाला. "तिकडं. मडक्यासमोर."

ती माणसं इतकी हसली की एकाचा चहा सांडला. मग मामा बोलतच राहिला. चिंचेची सावली आमच्यावरून सरकून शाळेच्या भिंतीवर चढली तरी.

परतलो तेव्हा एमुरोन धक्क्यावर उभाच होता. त्यानं मामाच्या तोंडाला नाक लावलं. मग उजवा हात उचलून हुंगला.

"हाताला येतोय."

"नळी धरली होती," मामा म्हणाला. "ओढली नाही."

"मी होते तिथं," मी म्हणाले.

"तू तर त्याच्याच बाजूनं बोलणार."

"बोलणारच. पण तोंडाला आला का वास? नाही ना?"

एमुरोननं मामाचा हात सोडला आणि तळ्याकडं पाहिलं. पाणी तांबूस झालं होतं आणि पलीकडचा काठ पुन्हा दिसत नव्हता.

"उद्या चर्चची माणसं न्यायचीत," तो शेवटी म्हणाला. "पोरंही आहेत. लवकर ये."

मामा खाली वाकून होडीतलं पाणी उपसायला लागला.