उपरण्याखालचा भाव

देवासच्या त्या दलालाचं तोंड आठवलं की अजूनही जिभेवर बडीशेपेची चव येते आणि थुंकून टाकावीशी वाटते. पेढीवर येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला तो आधी चिमूटभर बडीशेप द्यायचा, मग चहा, मग गोड गोड बोलणं. पैसे सोडून सगळं द्यायचा.

आमचा एकच ट्रक होता, लष्कराच्या लिलावातला. माझे थोरले बंधू, आमचे दादा, धारच्या दरबारी मोटारखान्यात ड्रायव्हर होते. संस्थान विलीन झालं, मोटारखाना उठला आणि दादांची खाकी वर्दी खुंटीवर गेली. वहिनींनी पाटल्या मोडल्या, मी माझी शिल्लक घातली आणि ट्रक घेतला. दादा चालवायचे, मी शेजारी बसून कागदपत्रं सांभाळायचो. धारला रेल्वे नाही, त्यामुळे कुक्षीकडच्या कापसाच्या गाठी घाट चढवून देवासला पोचवायला ट्रकच लागायचे. कामाला तोटा नव्हता. तोटा होता तो अकलेचा, आणि तो आमच्या घरातच होता.

भाडं ठरवायची तिथली रीत अशी. दलाल उपरण्याचं टोक पुढे करायचा, ट्रकवाला त्याखाली हात घालायचा, आणि एकमेकांची बोटं दाबून मणामागे किती आणे ते ठरायचं. शेजारी बसलेल्याला भाव कळत नसे. फाळणीनंतर इकडे आलेला एक पंजाबी ड्रायव्हर तर अर्धा अर्धा तास हात बाहेर काढत नसे. मधूनमधून शिव्या हासडायचा, पण मनासारखा भाव घेऊनच उठायचा.

दादांनी पहिल्याच दिवशी त्या उपरण्याकडे पाहून नाक मुरडलं. आपण काय इथं बैल विकायला आलोय, असं मला मराठीत म्हणाले, आणि दलालाला म्हणाले, "आप जो मुनासिब समझें, दे दीजिए."

दलालाने हात जोडले. त्या दिवसापासून दादा त्याचे 'राजासाहब' झाले. केसानं गळा कापणं म्हणतात ते मी तिथे पाहिलं. त्याचं मुनासिब, म्हणजे त्याच्या मते योग्य भाडं, पंजाब्याच्या भाड्याच्या निम्मं. त्यातून हमाली कापायची, भिजलेल्या गाठींची नुकसानी कापायची. पावसाळा संपून दोन महिने झाले तरी आमच्याच गाठी कशा भिजायच्या देव जाणे. गोशाळेच्या नावाने धर्मादा कापायचा तो वेगळाच. ती गोशाळा मी कधी पाहिली नाही, त्याच्या मेव्हण्याच्या अंगणातल्या दोन म्हशी मात्र पाहिल्या. एवढं करून जे उरायचं तेसुद्धा हातात पडत नसे. माल घेणाऱ्या पार्टीने अजून पाठवलं नाही, हे उत्तर ठरलेलं.

मी कुरकुरलो की दादा म्हणायचे, मागून घेणं आपल्याला शोभत नाही. शोभा ताटात वाढून घ्यायची का, हे माझ्या ओठांवर यायचं, पण थोरल्या भावाला उलट बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती. मी हिशेबाचा कागद घडी घालून खिशात ठेवायचो.

त्या हिवाळ्यात मागचे दोन्ही टायर गेले. पार गुळगुळीत झाले होते, घाटात गाडी मागे सरायची. नवे टायर आले नाहीत तर ट्रक उभा करावा लागणार होता, आणि आमच्यासारख्यांचा उभा ट्रक म्हणजे गेलेला ट्रक. सहा खेपांचं भाडं दलालाकडे अडकलं होतं. तेवढ्या रकमेत टायर येऊन चार पैसे उरलेही असते. मी दादांना जवळजवळ ढकलतच पेढीवर नेलं. आज मागायचंच, असं वाटेत त्यांच्याकडून दोनदा कबूल करून घेतलं.

दलालाने पैशांची गोष्ट निघूच दिली नाही. महाराज शिकारीला मांडूकडे निघाले की गाडी कोण चालवायचं, हे त्याने विचारलं आणि दादा जे फुलले ते तासभर थांबले नाहीत. मी दोनदा कोपर मारलं. शेवटी त्यांनी टायरचं काढलं, तेही जमत असेल तर बघा, अशा सुरात. मला त्या सुराची शिसारी आली.

दलाल पुढे सरकला. "राजासाहब, आपको शोभा देता है यह टायर-ट्यूब का झंझट? गाड़ी मुझे दे दीजिए. आप बस शान से चलाइए. पगार महीने के महीने."

मला वाटलं, दादा आता उठतील. दादांनी विचारलं, वर्दी मिळेल का.

ट्रकची किंमतही मुनासिबच ठरली, आणि तीही हप्त्यांनी. अडकलेलं भाडं त्यातच धरलं गेलं, म्हणजे बुडालंच. नवे टायर आठवड्यात बसले. दादांना नवी खाकी वर्दी मिळाली आणि ते पुन्हा ताठ चालायला लागले. खरं सांगतो, त्यांना इतकं सुखी मी ट्रक आमचा असताना कधी पाहिलं नव्हतं. दलालाची मला किळस होती, पण आता दादांकडे बघवत नव्हतं, आणि तसं वाटतं याची आणखी लाज.

महिन्याभराने किमतीचा शेवटचा हप्ता आणायला मी पेढीवर गेलो. दादा दारात उभे होते. कुक्षीकडचा एक जण पहिल्यांदाच आपला ट्रक घेऊन आला होता. नवाकोरा ट्रक, बॉनेटवर अजून कुंकवाचं स्वस्तिक. त्याने वर्दीवाला भला माणूस बघून दादांना विचारलं, "भिया, ये सेठ पैसा टेम पे देते हैं ना?"

"सेठजी किसी का पैसा नहीं रखते," दादा म्हणाले. त्यांना ते खरंच वाटत होतं.

त्या माणसाचं समाधान झालं नाही. आमचे चेहरे सारखे, भाऊच असणार, म्हणून त्याने माझ्याकडे पाहून विचारलं, खरं का. दादाही माझ्याकडे बघत होते. खिशातले कागद काढून दाखवले असते तर पुरे होतं.

मी "हां" म्हणालो. तो माणूस निर्धास्त होऊन ट्रक मागे घ्यायला गेला.