साठ मीटरचं वेटोळं

केसाएवढ्या काचेच्या तारेला दुसरी तशीच तार जोडायची आणि सांधा कुठे आहे हे आतून जाणाऱ्या उजेडालासुद्धा कळू द्यायचं नाही, हे काम तो एकतीस वर्षं करत होता. टेलिफोनच्या खात्यात त्याला जोडारी म्हणत. पाठीमागे, आणि पुढे पुढे तोंडावरसुद्धा, वेटोळेबुवा. जमिनीखालून केबल ओढताना रस्त्यातल्या झाकणाखालच्या प्रत्येक चेंबरमध्ये थोडी जास्तीची केबल गुंडाळून ठेवायची असते, पुढेमागे कुठे तुटलीच तर हाताशी असावी म्हणून. नियम वीस मीटरचा. हा गडी तीस ठेवायचा, चाळीस ठेवायचा. "कापलेली काच परत लांब होत नाही," म्हणायचा. "माझ्या मागून येणाऱ्याने मला शिव्या घालू नयेत." हात सढळ, पण लिहायचा कंटाळा. जास्तीचं वेटोळं नकाशाच्या वहीत नोंदवावं लागतं. ते तो कधी नोंदवी, कधी उद्यावर टाकी. आणि उद्या काय, रोजच येतो.

गंमत म्हणजे याच माणसाची वही खात्यात नावाजलेली. अक्षर मोत्यासारखं, कुठे खाडाखोड नाही. साहेब नव्या लोकांना ती उघडून दाखवत. "बघा, याला म्हणतात काळ्या दगडावरची रेघ." तो मान खाली घालून उभा राही आणि आतून फुगे. सुंदर अक्षरात लिहिलेलं खरंच असतं, असं सगळ्यांना वाटतं. हळूहळू त्यालाही वाटायला लागलं होतं.

त्या शहराच्या एका टोकाला जमिनीखाली जुनी कोळशाची खाण होती. कधीच बंद पडलेली, पाण्याने भरलेली, वर घरं उठलेली. तिथे एका अंगणात खड्डा पडला, आणि भूगर्भ कार्यालयातल्या बाई टेलिफोन खात्यात एक पेटी घेऊन आल्या. त्यांनी त्याच्याकडे केबलमधली एक रिकामी तार मागितली.

"आम्ही हिच्यात उजेड सोडतो," बाईंनी समजावलं. "त्यातला थोडा थोडा माघारी येतो. जमीन हलली की तार ताणली जाते आणि माघारी येणारा उजेड बदलतो. तो किती वेळाने आला त्यावरून कितव्या मीटरवर हललं ते कळतं. खाली दगड तडकला, तरी कळतं."

त्याला भरून आलं. इतकी वर्षं त्याच्या तारांनी लोकांची बोलणी वाहिली. आता तारेलाच कान फुटले होते. त्याने स्वतः ती पेटी जोडून दिली, असा सांधा की बाई म्हणाल्या, "वा!"

अशा कामात एरवी आधी घण घेऊन सबंध रस्ता चालतात. ठरावीक अंतरावर जमिनीवर घाव घालायचा, आणि पेटीपाशी बसलेल्याने सांगायचं, आला, अमुक मीटर. तारेचा आकडा आणि रस्त्यावरची जागा यांची अशी गाठ घालतात. पण दुसऱ्याच सकाळी पेटीने तेवीसशे दहाव्या मीटरवर दगड तडकताना ऐकला, पुन्हा ऐकला, आणि सगळ्यांची धावपळ उडाली.

"घण कशाला?" साहेब म्हणाले. "याची वही आहे ना!"

वही उघडली. तेवीसशे दहा म्हणजे पाण्याच्या टाकीची गल्ली.

बाई पेटीच्या पडद्यापुढून उठल्या नाहीत. त्यांनी त्याला जवळ बोलावलं. "एक सांगा. बावीसशे तीसपासून पुढचे साठ मीटर सगळे एकाच सुरात बोलतायत. सरळ गेलेली केबल असं करत नाही. तिथे वेटोळं आहे का? वहीत तर काही लिहिलेलं नाही."

साहेब त्याच्याकडे बघत होते. खोलीत नवीन लोकही होते, कालच वही पाहिलेले.

"नाही मॅडम," तो म्हणाला. "तिथे वर बस थांबते. तिचा हादरा असेल."

वेटोळं होतं. बावीसशे तीस म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीच्या कारखान्याच्या कोपऱ्यावरचं चेंबर. अकरा वर्षांपूर्वी रिळावर साठ मीटर उरले होते, कापवेनात, म्हणून सगळे तिथेच कोंबले. ताईने पाणी आणून दिलं होतं, तेही उभ्याउभ्या प्यायला आणि पुढच्या कामाला पळाला. हे सगळं त्याला बाईंनी विचारताक्षणीच आठवलं होतं. तरी तोंडातून नाहीच निघालं. आयुष्यात फार थोड्या वेळा खोटं बोललेला माणूस. पण जे बोलला ते नेमकं इथे.

दुपारपर्यंत टाकीच्या गल्लीतली अकरा घरं रिकामी झाली. माणसं जाणार कुठे? ताईने आपल्या शिवणकामाच्या कारखान्याची दारं उघडली. टाकीच्या गल्लीच्या थोडं अलीकडे, त्याच रस्त्यावर तिचं दालन होतं. यंत्रं भिंतीला लावून तिने त्रेचाळीस माणसांची पथारी घातली. सगळ्या शहरात ताईचं नाव झालं. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "तुझी वही, तुझी बहीण! घराण्यातच आहे तुमच्या."

त्याला जेवण जाईना. पेटीने सांगितलेला आकडा काचेच्या लांबीचा होता. वेटोळ्यातले साठ मीटर त्यात धरलेले, पण रस्त्यावर ते साठ मीटर नव्हतेच. आकड्यातून साठ वजा करायचे, बस. अशी वजाबाकी दुसरीतली मुलं करतात. त्याने चार दिवस ती केली नाही. थोड्या फरकाने काय बिघडतं, बाईंनी अंदाजाने पुढेमागे धरलंच असेल, असं तो स्वतःला सांगत राहिला. बायकोने विचारलं, "अहो, काय झालंय तुम्हाला?" तो म्हणाला, "पित्त."

पाचव्या दिवशी सकाळी बायकोने बांधून दिलेली पांघरुणं घेऊन तो ताईकडे गेला. दालनात पोरांचा कालवा चालला होता. ताई मागच्या दाराशी झटत होती.

"ये धाकट्या. जरा खांदा लाव रे. दोन दिवस झाले, हे दार लागतच नाहीये. एवढी माणसं आत, श्वासाने लाकूड फुगलंय बहुतेक."

त्याने दाराला हात लावला. लाकूड कोरडं होतं. चौकट तिरपी झाली होती.

येताना तो टाकीच्या गल्लीवरून आला होता. तिथली सगळी दारं सरळ लागलेली, कुलपं लावलेली. आता वजाबाकी आपोआप झाली. तेवीसशे दहातून साठ गेले, बावीसशे पन्नास. कोपऱ्यावरच्या चेंबरपासून वीस मीटर. तो उभा होता तिथेच.

"ताई, सगळ्यांना बाहेर काढ."

"काय?"

"आत्ताच्या आत्ता. जागा टाकीच्या गल्लीतली नाहीये. चूक माझी आहे. जमीन इथे फुटतीये."

ताईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. टाळ्या वाजवत, ओरडत तिने माणसं उठवली. एक म्हातारे आजोबा कुरकुरले, "आणि आता परत कुठे?" ताईने त्यांचं गाठोडं उचललं आणि त्यांना दाराबाहेर नेलं. त्याने बाईंना फोन लावला आणि वेटोळ्याचं सगळं सांगितलं, मोठ्याने, चार लोकांत.

"घण आहे?" पलीकडून बाईंनी विचारलं.

घण नव्हता. शेजारच्या गाडी दुरुस्तीवाल्याकडून मोठा हातोडा आणला. त्याने दालनाच्या उंबऱ्यासमोर, रस्त्यावर, तीन घाव घातले.

फोनमधून बाईंचा आवाज आला. "आला. तेवीसशे दहा."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला दालनाची मागची बाजू खाली गेली. आवाज फारसा झाला नाही, धुरळा मात्र खूप उडाला. चौदा शिवणयंत्रं, कापडाचे गठ्ठे, ते तिरपं दार, सगळं गेलं. माणूस एकही गेलं नाही. लोक म्हणाले, थोडक्यात निभावलं, वेळेवर सांगितलंस बाबा. हे ऐकलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. वेळेवर म्हणजे पाचव्या दिवशी, हे दोघांना विसरता येत नव्हतं. त्याला आणि ताईला.

ताई त्याच्याकडे राहायला आली. रागावली नाही, ते जास्त जड गेलं. एकदाच बोलली, भाजी निवडताना, त्याच्याकडे न बघता. "मीही कपड्यात माया सोडते, धाकट्या. पुढे उसवून मोठा करता यावा म्हणून. पण किती सोडली ते मला ठाऊक असतं. आणि कुणी विचारलं तर सांगते."

साहेबांनी वही कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्याला कामावरून काढलं नाही, कारण चेंबरांची माहिती त्याच्या डोक्याखेरीज कुठेच नव्हती. बाईंनी त्याला घण दिला आणि सबंध केबल पायी चालायला लावली. रोज सकाळी तो निघे. दर दहा पावलांवर घाव, कानाला फोन, पलीकडून आकडा. लोक गॅलरीत येऊन बघत. आठवून आठवून त्याने न नोंदवलेल्या अकरा वेटोळ्यांची यादी केली होती, त्याच मोत्यासारख्या अक्षरात. एकेक सापडत गेलं. आठवं खेळाच्या मैदानाखाली, दहावं एका दवाखान्याच्या फाटकात. एकविसाव्या दिवशी अकरावं सापडलं.

"झालं ना सगळं?" साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं.

तोंडात 'हो साहेब' आलंच होतं. एकतीस वर्षांची सवय. त्याने ते गिळलं.

"माहीत नाही, साहेब," तो म्हणाला.

संध्याकाळी ताईने ताट वाढलं आणि रोजच्यासारखं विचारलं, "सापडली सगळी?"

"अकरा सापडली. बारावं आहे की नाही, आठवत नाही."

ताईने त्याच्या हाताला आलेल्या फोडांकडे पाहिलं, भाताची वाटी त्याच्यापुढे सारली.

"मग उद्या परत जा," ती म्हणाली.