पितळी पाते

हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. एकदा सांगायला बसलो होतो, अर्धे सांगितलेही. पण अर्धी मोजलेली जमीन आमच्या खात्यात मोजलेली धरत नाहीत. तेव्हा तेही न सांगितलेलेच समजा.

माझी नोकरी मोजणीची. निजामाच्या अमदानीत जमिनीच्या बंदोबस्ताच्या खात्यात लागलो, बरीच वर्षे नांदेडला काढली, आता लातुरात घर आहे. बांधावरून भाऊबंदांची डोकी फुटायची वेळ आली की मला बोलावतात. मी साखळी टाकतो, फळीवर कागद लावतो, आकडा सांगतो आणि दोन्हीकडचे गप्प होतात. मी सांगितले म्हणजे तसेच असणार, अशी माझ्याबद्दल समजूत आहे. ही समजूत मला आवडते. आवडत आली आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या गोष्टीत माझ्या शब्दाला जे वजन आले ते इथून आले.

माझी थोरली बहीण, अक्का, लोह्याच्या बाजूच्या एका गावात दिली. तिचे यजमान अंबादास, आमचे दाजी. मोठ्या आवाजाचा, सैल हाताचा माणूस. घराला कुलूप न लावता जत्रेला जायचे आणि वर म्हणायचे, "चोराला काय सापडंल? तुझी अक्का? नेऊ दे की!" मला नावाने कधी हाक मारली नाही. मोजणीदार म्हणायचे. शेत झाडीला लागून, त्यामुळे भुईमुगात डुकरे. त्यासाठी वडिलांच्या वेळची एकनळी बंदूक होती, परवान्याची, नळीला आतून आटे असलेली. तिच्या नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेमाचा बारीक उंचवटा, शाबूत होती, पण डोळ्याजवळची, नेम धरायची खाच केव्हाच मोडून पडली होती. दाजी अंदाजाने मारत. बहुतेक वेळा डुक्कर तसेच निघून जाई.

मी म्हटले, मी करून देतो.

कल्पना कुठून आली? माझ्याच पेटीतून. मोजणीच्या फळीवर आम्ही एक पितळी पट्टी ठेवतो. तिच्या दोन्ही टोकांना बिजागरीवर बसवलेली उभी पाती असतात. त्यांतून बघून रेघ धरायची, काम झाले की पाती मिटून पट्टी पेटीत ठेवायची. तसेच एक पाते बंदुकीला का नको? मी कागदावर मापाने काढले. गोळी लांब जाताना खाली येते, म्हणून लांबच्या नेमाला नळी थोडी वर उचलावी लागते. किती उचलायची ते पाते सांगणार. पात्यात उभी चीर, चिरेत खालीवर सरकणारी खाच. अंतर जितके जास्त तितकी खाच वर. आणि जनावर जवळ असले तर पाते मागे मिटून नळीवर पाडायचे आणि बुडाशी असलेल्या दुसऱ्या, पक्क्या खाचेतून बघायचे. पाते उभे ठेवून जवळच्या जनावरावर झाडली तर गोळी त्याच्या पाठीवरून जाणार. एवढे लक्षात असू द्या.

नांदेडच्या एका तांबटाकडून ते पितळेत करून घेतले. त्याने माझ्या कागदाबरहुकूम केले, कणभर इकडेतिकडे नाही. चूक होती ती कागदात होती.

माळावर आम्ही मडकी मांडली. दाजी मारत, मी अंतर मोजून खाच सरकवून देत असे. मडकी फुटू लागली तसे दाजी पोरासारखे नाचू लागले. अक्का कमरेवर हात ठेवून उभी. "मोजणी झाली आसंल तर पाण्याला येखादं भांडं ठेवा. का घागर बी लावायची रांगंला?" संध्याकाळी पारावर दाजींनी बंदूक सगळ्यांच्या हातात दिली. "आमच्या मेव्हण्याचं डोकं हाय हे. बसल्या जागी डुकराच्या कानाचं माप काढतंय!" लोक हसले. मीही हसलो. इतके सुख मला पगारवाढीनेही झाले नव्हते.

दुसऱ्या सकाळी मी बंदूक पुसत होतो. पाते मिटलेले होते. नळी पुसायला मी ती खाली झुकवली, आणि पाते आपणहून उठले. टक्. सरळ उभे राहिले. नळी आडवी केली तरी उभेच.

मला तेव्हाच कळले. कळले नाही असे म्हणायला जागा नाही. मोजणीची फळी तिवईवर निमूट उभी असते, तिला दणका नसतो. तिथे बिजागरीच्या घट्टपणावर पाते टिकते. बंदुकीला प्रत्येक बाराला दणका बसतो आणि बिजागरी ढिली होते. पात्याखाली त्याला दाबून धरणारी कमान, लवचीक पोलादी पट्टीची, हवी होती. ती मी काढलीच नव्हती. माझ्या कामात तिची कधी गरज पडली नव्हती, म्हणून माझ्या डोक्यातच आली नाही.

एक दगड घेतला, बिजागरीची खीळ ठोकली. पाते घट्ट झाले. थोडे बार झाले की पुन्हा ढिले होणार, हे माहीत होते. दिवाळीच्या रजेत कमान बसवू, असे ठरवले. दाजींना काही बोललो नाही. का नाही? दोन शब्दांचे काम होते — पाते ढिले होते, जपा. पण काल पारावर ज्या डोक्याची वाहवा झाली, ते डोके आज चुकले म्हणायचे? दिवाळी काही लांब नव्हती.

दसरा झाल्यावर मी पुन्हा गेलो, त्या दिवशी गावाने हाका घातला होता. माणसे ओळीने डबे, हलगी वाजवत ज्वारीतून येतात आणि डुकरे पुढे निघतात. हाकाऱ्यांत किसन होता, दाजींच्या शेताशेजारचा. डुकराला तो सासरा म्हणायचा. "ए सासऱ्या, नीघ बाहीर, जावई आलाय!" त्याचा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू येई.

दाजी ओढ्याजवळ बाभळीखाली उभे राहिले, मी त्यांच्या उजव्या हाताला. जनावर जवळून निघणार, म्हणून त्यांनी अंगठ्याने पाते मिटले. मी पाहिले. मग त्यांनी नळी जमिनीकडे केली. हाक्यात नळी कधी माणसांच्या उंचीला धरायची नाही, हा त्यांचा शिरस्ता. घराला कुलूप न लावणारा माणूस, पण यात कधी ढिलाई नाही. आणि नळी खाली गेली तसे —

मी ते उठताना पाहिले नाही. मी ज्वारीकडे बघत होतो. हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे, आणि उत्तर हेच येते. पाहिले नाही. पण पाहायला हवे होते, कारण ते उठू शकते हे तिथे एकट्या मला माहीत होते.

डुक्कर आले, फार जवळून. दाजींनी बंदूक उचलली आणि लगेच झाडली. इतक्या जवळच्या जनावरावर मारलेली गोळी चुकली तरी जमिनीत जाते, म्हणून ते बिनघोर होते. गोळी डुकराच्या पाठीवरून गेली. पलीकडच्या बांधावर, ओळ सोडून पुढे आलेला किसन चढत होता. ती त्याच्या गुडघ्यात शिरली. हलगी वाजतच राहिली. कोणाला आधी कळलेच नाही.

किसन जगला. पाय गेला, म्हणजे होता, पण वाकत नव्हता. ठाण्याचा अमीन चौकशीला आला तेव्हा किसननेच सांगितले की ओळ मीच सोडली. मग कागद मिटला. दाजींनी त्याच्या घरचे सगळे स्वतःवर घेतले.

पण मला सांगायचे ते त्याआधीचे आहे. किसनला गाडीत घालत होते. दाजींच्या हातात बंदूक होती आणि ते तिच्याकडे बघत होते. पाते उभे होते. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता, त्याआधीही आणि नंतरही.

"मी पातं पाडलं व्हतं ना रे? पाडलं व्हतं. तू बाजूलाच व्हतास, मोजणीदार. खरं सांग."

मी म्हणालो, "नाही, दाजी. बाभळीखाली आलो तेव्हापासून उभंच होतं."

असे नेमके सांगितले. बांधाच्या तंट्यात सांगतो तसे. नुसते 'लक्ष नव्हते' म्हणालो असतो तरी त्यांच्या मनात जागा राहिली असती. मी जागाच ठेवली नाही.

त्यांनी मान हलवली. "हाव," म्हणाले. "तू म्हणतूस तर तसंच आसंल."

त्या दिवसापासून तो माणूस स्वतःवर विश्वास ठेवीनासा झाला. आधी आम्हाला कळले नाही. मग अक्का सांगू लागली. रात्री बैल बांधून येतात आणि पुन्हा बघायला जातात. दाराला कडी लावतात, अंथरुणावर येतात, विचारतात, "कडी लावली का मी?" दिवा विझवला का, विहिरीवर दोर ठेवला का. ज्या घराला कुलूप नव्हते तिथे दोन कुलपे आली. बाजारच्या अर्ध्या वाटेवरून परत फिरत. त्यांचे मोठे बोलणे हळूहळू खाली आले. लोक म्हणाले, धसका घेतला. धसका गोळीचा नव्हता. आपण जे केले असे आठवते ते आपण केलेले नसते, हे त्यांना पटले होते. ते मी पटवले होते.

मग निजामाची अमदानी संपतानाचे ते गडबडीचे वर्ष आले. परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायचा हुकूम निघाला. दाजींनी बंदूक दिली. ती परत आली नाही. कुठे गेली, कोणाला माहीत नाही.

आणि त्यानंतर मी सांगितले. आधी नाही, त्यानंतर. याकडे लक्ष द्या. बंदूक खुंटीला होती तोवर मी गप्प होतो.

अक्काच्या ओसरीवर आम्ही शेंगा फोडत बसलो होतो. मी म्हटले, दाजी, पाते तुम्ही मिटले होते, मी पाहिले होते. ते ढिले होते, आपोआप उठले. मला आधीपासून माहीत होते. सगळे एका दमात बोललो. दाजींनी हातातली शेंग ठेवली आणि — हसले. बऱ्याच वर्षांनी हसले. माझ्या पाठीवर हात ठेवला.

"लई चांगला हायस रे तू. पर माझ्यापायी खोटं बोलून नको राहू. तुला जमत न्हाई त्ये. मी काय पाह्यलं न्हाई व्हय? किती डाव ती बंदूक उलटी धरली, नळी खाली केली, झटके दिले. पातं हललं बी न्हाई. माझी चूक माझ्यापाशी ऱ्हाऊ दे."

पाते का हलत नव्हते, हे सांगायचे राहिले आहे. तेच सांगायला मी हे सगळे लिहीत आहे.

हाक्याच्या दिवशी दाजी किसनबरोबर गाडीतून नांदेडच्या दवाखान्यात गेले. बंदूक घरी मी आणली. अमीन यायचा होता. मी परसात गेलो, अक्काचा वरवंटा घेतला, नांगराच्या फाळावर बिजागरी टेकवली आणि खिळीची दोन्ही टोके ठोकून चपटी केली. पुन्हा कधी ढिली होणार नाही अशी. आतून अक्काने विचारले, "काय ठोकून राहिलास रे?" मी म्हणालो, चपलेचा खिळा वर आलाय. वरवंटा धुऊन जागेवर ठेवला. त्यावर पितळेची पिवळी रेघ उमटली होती, ती राखेने घासली. खोटे बोलून झाले होते. आता बंदूकही तेच बोलणार होती, आणि दाजी जितक्या वेळा तिला विचारतील तितक्या वेळा तेच बोलणार होती.

ओसरीवर, त्यांचा हात माझ्या पाठीवर असताना, मी एवढेच सांगायला हवे होते. वरवंट्याचे सांगितले असते तर त्यांना मानावेच लागले असते. अक्का समोर होती, तिला तो आवाज आठवला असता. मी तोंड उघडले नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्यांनी विश्वास ठेवला नाही तेव्हा मला हलके वाटले. सांगूनही झाले आणि काही बिघडलेही नाही, असे. मी शेंगा फोडू लागलो.

किसन दोन पावसाळ्यांमागे तापाने गेला.

गेल्या महिन्यात दाजी आणि अक्का आमच्याकडे लातूरला आले होते. निघताना टांगा दारात उभा होता. दाजी फाटकाबाहेर गेले, कडी घातली, टांग्यात एक पाय ठेवला आणि थांबले.

"कडी घातली का मी?"

"आवो घातली की," अक्का म्हणाली. "माझ्या डोळ्यानं पाह्यली."

"तू थांब जरा. त्यो सांगंल." आणि माझ्याकडे बघून, "मोजणीदार, घातली का रे?"

मी कडीकडे पाहिले. म्हणालो, "घातली, दाजी. तुम्हीच घातली."

मग ते टांग्यात चढले. कडीकडे वळून पाहिले नाही.