आई हरवली ती दुपार

बाबा गेल्यानंतर दोन वर्षं मी देवापुढे हात जोडले नव्हते. रागाने म्हणा किंवा त्यांच्या आजारपणात केलेल्या नवसांचा थकवा म्हणा, देवाजवळ बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सार्सची साथ ओसरून गेल्यानंतरच्या त्या दिवसांत आई वसईहून तीन महिन्यांसाठी सिंगापूरला, आमच्या बेडोक भागातल्या फ्लॅटमध्ये राहायला आली. तिला विसर पडायला लागला होता. जेवल्यावर पुन्हा जेवायला कधी वाढणार म्हणून विचारायची. मला त्याची भीती वाटायची, आणि भीती लपवायला मी तिच्यावर चिडायची.

आईचं बालपण वसई किल्ल्याच्या परिसरातलं. खाऱ्या वाऱ्याने झिजलेल्या तिथल्या पडक्या चर्चमध्ये आणि मठांमध्ये ती खेळली होती, नन्सच्या मराठी शाळेत शिकली होती. घरी दत्ताची पूजा असली तरी चर्चवरून जाताना तिचे हात आपोआप जुळत. ‘देव राहून गेलेली जागा आहे ती,’ असं म्हणायची. म्हणून सिंगापूरची जुनी चर्चं बघायचा हट्ट तिने धरला, तेव्हा एका शनिवारी मी तिला घेऊन शहरात गेले. माझा नवरा शहरापासून दूर, जुरोंग आयलंडवर ड्यूटीला होता. सकाळी आईने इन्सुलिन घेतलं, थोडं खाल्लं. अकराला पुन्हा खायचं म्हणून पोळी-भाजीचा डबा मी माझ्या पिशवीत टाकला.

पहिलं चर्च तिने अगदी सावकाश पाहिलं. दुसरं त्याहून जुनं होतं, उंच लाकडी झडपांच्या खिडक्यांचं. आईने पर्स माझ्याकडे दिली आणि मेरीच्या मूर्तीसमोर बाकावर बसली. तेवढ्यात ऑफिसमधून फोन आला. आत बोलायला नको म्हणून मी पुढच्या व्हरांड्यात गेले. सात-आठ मिनिटं झाली असतील. परत आले तर बाक रिकामा होता.

सुरुवातीला वाटलं, असेल इथेच कुठेतरी. सगळे बाक पाहिले, खांबांच्या मागे पाहिलं. बाजूचं दार बंद दिसलं, त्याला कुलूप असेल असं धरून मी समोरूनच रस्त्यावर धावले. पहिल्या चर्चमध्ये गेले, मेट्रोच्या स्टेशनवर गेले. जवळच एक जुनं कॉन्व्हेंट होतं, आता तिथे रेस्टॉरंट्स झाली होती. नन्सची शाळा म्हणून आई तिकडे वळली असेल, असं वाटून त्याचं सगळं आवार पालथं घातलं. फिकट हिरव्या साडीतली, चष्मा लावलेली म्हातारी बाई कुणी पाहिली का, हे किती जणांना विचारलं असेल, आठवत नाही. आईला इंग्रजी येत नव्हतं. माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी तिच्या पर्समध्ये होती, आणि पर्स माझ्या खांद्यावर. बारा वाजून गेले. पिशवीतला डबा मांडीला लागत होता आणि तिच्या अंगात सकाळचं इन्सुलिन होतं. साखर उतरली की ती घामाघूम होते, बोलणं बरळल्यासारखं होतं, मग शुद्ध जाते. हे मी घरी एकदा पाहिलं होतं. पोलिसांनी फोनवर वर्णन लिहून घेतलं आणि मला एका जागी थांबायला सांगितलं. नवऱ्याला फोन केला, पण त्याला तिथून निघून पोचायला दीड-दोन तास लागणार होते. ‘रडू नकोस,’ एवढंच तो म्हणाला, आणि स्वतःच रडू लागला.

मी पुन्हा त्याच चर्चमध्ये आले. ती बसली होती त्याच बाकावर बसले. प्रार्थना आठवेना. समोर मेरी होती, मनात आईचे दत्त होते, आणि मला त्यांच्यात भेद करायचं त्राण नव्हतं. मी मनात म्हटलं, माझ्याच्याने होत नाही. ती तुझी आहे, तूच सांभाळ.

उठले तर चर्चची देखभाल करणारा म्हातारा चिनी माणूस समोर आला. दुपारी लग्न आहे, दारात फुलांची सजावट चालू आहे, बाजूने जा, असं त्याने खुणेने सांगितलं. ज्याला कुलूप आहे असं मी समजले होते ते दार त्याने नुसतं ढकललं.

बाहेर अरुंद गल्ली होती. चाफ्याच्या सावलीत, पायरीवर आई बसली होती. तिची पाठ एका वयस्क चिनी बाईच्या खांद्याला टेकलेली, आणि ती बाई तिला पाकिटातला शेवंतीच्या फुलांचा गोड चहा स्ट्रॉने पाजत होती. आईचा पदर घामाने भिजला होता, पण डोळे उघडे होते.

आईने माझ्याकडे पाहिलं. “कुठे गेली होतीस गं?” ती म्हणाली. “किती वेळ शोधतेय मी तुला.”

मी तिच्या पायाशी बसून रडले. मग डबा उघडला आणि तिला घास भरवले. ती बाई नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलमध्ये तीस वर्षं नर्स होती. बसमधून चुकून एक स्टॉप आधी उतरले, म्हणून जवळची वाट धरली, असं तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. आईचा घाम आणि थरथरणारे हात पाहूनच तिने ओळखलं होतं. मी नाव विचारलं, फोन नंबर मागितला. “नो नीड, लाह,” असं तिथल्या बोलीच्या ढंगात म्हणत तिने आईच्या गालावरून हात फिरवला. “युअर मदर ओके ऑलरेडी.” मी पोलिसांना आणि नवऱ्याला फोन करेपर्यंत ती कोपऱ्यावरून वळली होती.

हा चमत्कार होता का, असं मला पुष्कळांनी विचारलं. मला ठाऊक नाही. बसमधून चुकीच्या स्टॉपवर माणसं रोज उतरतात. मला ठाऊक आहे ते इतकंच, की मी जिवाच्या आकांताने शोधत होते तेव्हा, आणि हात टेकून बसले तेव्हाही, कुणीतरी माझ्या आईला घोट घोट पाजत होतं.

आई त्यानंतर पाच वर्षं होती, आमच्याजवळच. शेवटी शेवटी तिला माझं नावही आठवत नसे. ती हळूहळू दूर जात होती आणि मी तिला अडवू शकत नव्हते. पण त्या दुपारचं भय पुन्हा तसं आलं नाही. रात्री तिच्या अंगावर पांघरूण घालताना मी तिला देवाच्या स्वाधीन करायची, आणि सकाळी पुन्हा आपल्या हातांनी तिची वेणी घालायची.