विलासकाकांची डावी बाजू

विलासकाका गेली सव्वीस वर्षं लोकांना गाडी शिकवत होते. हल्ली सकाळी सातचा पहिला विद्यार्थी यायच्या आधीच त्यांचे पाय भरून आलेले असत. शिकवायच्या गाडीत डाव्या बाजूलाही क्लच-ब्रेक असतात. चालवणारा बिचकला की शेजारच्यानं ते दाबायचे, दिवसभर. भुकूमच्या नव्या सोसायट्यांमधली मंडळी एकामागून एक येत आणि काका प्रत्येकाला तेच सांगत: आरसा बघा, क्लच हळू सोडा, घाई नको. लर्निंगला महिना झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येत नाही, हेही रोज कुणाला तरी समजवावं लागे. बोलता बोलता त्यांना जांभई येई.

पल्लवी मात्र ताम्हिणीकडच्या वस्तीवरून सकाळच्या एसटीनं यायची. तिच्या नवऱ्यानं, सिद्धूनं, शेरडं बाजारात न्यायला जुना पिकअप घेतला आणि दोन महिन्यांत त्याचा पाय मोडला. हाड जुळलं, पण क्लच दाबण्याइतकं बळ काही परत आलं नाही. शेवटी पल्लवीच गाडी शिकायला निघाली. पहिल्या परीक्षेत रिव्हर्स घेताना गाडी खांबाला लागली आणि ती नापास झाली. पुढची तारीख मिळाली.

त्या तारखेच्या दोन दिवस आधी पौड रस्त्यावर तिनं एकदम करकचून ब्रेक मारला.

"मधीच कशाला दाबला? मागनं कोन तरी ठोकंल," काका वैतागले.

"सायकलवाला, काका. तुमच्याच बाजूनं आडवा आला. तुमाला दिसला न्हाई व्हय?"

एक म्हातारा सायकल हातात धरून बोनेटच्या पुढून चालला होता. काकांना तो आत्ता दिसला. त्यांचा पाय ब्रेकवर नुसता ठेवलेला होता.

त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली, उजवा डोळा हातानं झाकला आणि समोर बघितलं. मधला रस्ता दिसत होता. डावीकडचं हॉटेल, त्यापुढची माणसं, काहीच नव्हतं. अंधार असाही नव्हता, तिथलं जगच कुणी काढून नेल्यासारखं वाटत होतं.

चाळिशी उलटली की लायसन्ससाठी डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. काका सगळ्यांना एकाच दवाखान्यात पाठवत. तिथं डॉक्टर मान वर न करता शिक्का मारत. दोन वर्षांपूर्वी काकांचं स्वतःचं लायसन्सही तसंच पुढं वाढलं होतं. या वेळी ते कोथरूडला डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. तिथं दोन तास तपासणी झाली. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, आता थेंब घालून राहिलेली सांभाळायची, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. परतीच्या बसमध्ये काकांना रडू आलं नाही, नुसता थकवा आला. सव्वीस वर्षांत आपण किती जणांना नुसत्या शिक्क्यावर रस्त्यावर सोडलं, हे मोजायला ते बसले आणि मध्येच त्यांनी ते सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाला, मनीषला, सांगितलं. मनीष वयानं लहान आणि स्वभावानं बरा होता. एवढं मनाला लावून घेऊ नका, डॉक्टर ओळखीचे आहेत, कागद नीट होईल, असं तो समजावत राहिला.

"कागदाला दिसत आसंल रं," काका म्हणाले. "मला दिसत न्हाई."

त्यांनी गाडीच्या चाव्या टेबलावर ठेवल्या. मनीषनं त्यांना वर्ग घ्यायला दिला. आता ते भिंतीवरच्या चित्रांकडे बोट दाखवून रस्त्यावरच्या खुणा शिकवतात. चाळिशीपुढचं कुणी आलं की आधी डोळे तपासून यायला लावतात. काही जण कंटाळून दुसऱ्या स्कूलमध्ये जातात. त्यावरून मनीष कधी कधी कुरकुरतो.

पल्लवी दुसऱ्या शिक्षकाबरोबर परीक्षेला गेली आणि पास झाली. महिन्याभरानं बाजारातून तिचा फोन आला. अकरा शेरडं घेऊन एकटी उतरले, असं ती सांगत होती. घाटात धुकं होतं, म्हणून दोनदा थांबले, म्हणाली.

"थांबलीस त्ये बरं केलंस," काका म्हणाले.

मग त्यांनी चष्मा काढून डोळ्यांत दुपारचे थेंब घातले आणि ते मुरेपर्यंत डोळे मिटून खुर्चीत बसून राहिले.